घरच्या फाइल सर्व्हरवरचे रेंगाळणारे आणि गायब होणारे शेअर : दुरुस्तीच्या नोंदी

मांडणी आधी सांगतो, म्हणजे पुढच्या नोंदी वाचताना अडखळायला होणार नाही. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या टीव्हीखाली एक जुना मिनी पीसी ठेवलेला आहे. तो मी ६,५०० रुपयांना वापरलेला घेतला होता आणि त्यावर सध्या डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि सांबा चालते. सांबा म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजच्या संगणकांना वापरायला देणारा कार्यक्रम, आणि असा दिलेला फोल्डर म्हणजे शेअर. त्याच्या पोटात १२० जीबीची एसएसडी आहे. आत दुसऱ्या डिस्कला जागा नसल्यामुळे ४ टीबीची डिस्क यूएसबी ३ च्या डॉकमध्ये बाहेर उभी असते. वडिलांच्या खोलीतला विंडोज १० चा डेस्कटॉप भिंतीतून आलेल्या लॅन केबलवर आहे, तर पत्नीचा विंडोज ११ प्रोचा लॅपटॉप वायफायवर असतो. वडील आपल्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेतात, आणि या सर्व्हरचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तेच आहेत.

४ जानेवारी २०२५, शनिवार

दुपारी वडिलांनी हाक मारली, "अरे, तुझी पेटी परत गेली." सर्व्हरला ते पेटी म्हणतात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची पहिली बाजू उतरवणे चालू होते आणि एकतिसाव्या मिनिटाला झेड ड्राइव्ह, म्हणजे त्यांच्या संगणकावर जोडलेला सर्व्हरचा शेअर, नाहीसा झाला, त्याबरोबर रेकॉर्डिंगही थांबले. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते, म्हणजे एका बाजूचे सुमारे ४५० एमबी होतात. जागा किंवा वेळ ही वडिलांची तक्रार नव्हतीच. जुनी टेप प्रत्येक वेळी वाजवताना थोडी झिजते आणि डेकच्या हेडवर तपकिरी भुकटी सोडून जाते, म्हणून ती शक्यतो एकदाच वाजवायची असा त्यांचा नियम आहे.

मी पाहिले तेव्हा शेअर दिसत होता, पण उघडल्यावर आत नेहमीच्या फाइल नव्हत्या. घाबरून मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि सगळ्या फाइल परत दिसू लागल्या. ही या कामातली पहिली चूक होती, कारण पुन्हा सुरू करण्याआधी डीमेसेजचे (लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे) निरोप वाचायला हवे होते आणि ते आता पुसले गेले होते.

घरच्यांच्या एकूण तक्रारी तीन आहेत. फाइल सेकंदाला ११ एमबीच्या पुढे जात नाहीत, विंडोजच्या नेटवर्क खिडकीत सर्व्हरचे नाव कधी असते तर कधी नसते, आणि शेअर चालता चालता नाहीसा होतो. हा सगळा एकाच दुखण्याचा प्रकार असावा, असे मी आज धरून चाललो आहे.

५ जानेवारी, रविवार

सकाळपासून दुपारी दोनपर्यंतचा वेळ अक्षरशः वाया गेला. कुठल्याशा जुन्या मार्गदर्शिकेत सांबाचा वेग वाढवण्यासाठी लिहिण्याच्या ओळी दिलेल्या होत्या. त्यांतल्या सहा ओळी मी सांबाच्या मांडणीच्या फाइलमध्ये एकदम घातल्या. त्यांत सॉकेट ऑप्शन्सची ती प्रसिद्ध ओळही होती, जिच्यात पाठवण्याचे आणि घेण्याचे बफर (तात्पुरत्या साठ्याच्या जागा) प्रत्येकी ८१९२ बाइटांवर बांधले जातात. वेगात काडीचाही फरक पडला नाही. अपाय झाला नाही एवढ्यावरून ओळी निरुपद्रवी असाव्यात असे समजून मी त्या तशाच ठेवल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनीच मला गाठले.

११ जानेवारी, शनिवार

आज सांबाला हात न लावता आधी नुसती तार मोजली. दोन्ही टोकांना आयपर्फ-३ हा नेटवर्कचा वेग मोजणारा कार्यक्रम चालवला तेव्हा वेग सेकंदाला ९४ मेगाबिट आला (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). यात डिस्क नाही आणि सांबाही नाही, म्हणजे दोष त्यांच्या खालच्या थरातला होता. सर्व्हरवर ईथटूलने जोडणीचा वेग विचारला तर तो आपल्या बाजूने १००० सांगत होता. विंडोजच्या अडॅप्टरच्या स्थितीत मात्र १०० एमबीपीएस असे स्वच्छ लिहिलेले होते. ते मी आजवर कधी उघडून पाहिले नव्हते. सेकंदाला ११ एमबी हा आकडा पहिल्याच दिवशी ओळखता यायला हवा होता, कारण १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण भरली की बरोबर तेवढाच वेग मिळतो.

लॅन टेस्टर ३५० रुपयांना आणला. त्यावर १, २, ३ आणि ६ हे चारच दिवे लागले. वडिलांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या लॅनच्या सॉकेटचे झाकण उघडले तेव्हा निळी आणि तपकिरी जोडी आवरणाबाहेर मागे दुमडून त्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. नूतनीकरणाच्या वेळी वायरमनने "इंटरनेटला चारच तारा लागतात" असे सांगितल्याचे मला आठवते. १०० मेगाबिटपुरते ते खरेच होते. गिगाबिटला मात्र चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. त्या मिळाल्या नाहीत की जोडणी सहसा तक्रार न करता १०० वर उतरते आणि वर्षानुवर्षे तशीच चालते.

४५० रुपयांचे क्रिंपिंगचे पक्कड घेऊन दोन्ही टोके स्वतः नव्याने बांधली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम दोन्ही टोकांना सारखाच ठेवायचा. पहिले तीन कनेक्टर फुकट गेले. दोन वेळा पक्कड दाबताना हिरवी आणि निळी तार आपसांत जागा बदलून बसल्या, आणि तिसऱ्या वेळी तारा कनेक्टरच्या टोकापर्यंत पोचल्याच नव्हत्या. तारा बोटांनी सरळ करून, सगळ्या एका रेषेत कापून आणि आत सरकवल्यावर पुढच्या पारदर्शक टोकातून आठही तांब्याचे ठिपके दिसल्याची खात्री करून मगच पक्कड दाबले, तेव्हा चौथा कनेक्टर नीट बसला. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले आणि आयपर्फ-३ ने ९४० मेगाबिट दाखवले.

१२ जानेवारी, रविवार

तार सुधारली म्हणून उत्साहाने मोठी फाइल सर्व्हरवर चढवली, पण वेग ४० एमबीच्या आसपासच राहिला. तार ९४० मेगाबिट देते आणि सर्व्हरवर एचडीपार्मने मोजलेली डिस्क सेकंदाला १५० एमबी वाचते. मग मधला खोडा सांबाचाच असणार. टेस्टपार्म या सांबाच्या आज्ञेने चालू मांडणी छापून घेतली आणि त्यात माझ्याच ५ तारखेच्या सहा ओळी समोर आल्या.

या वेळी एकेक ओळ काढून दर वेळी तीच फाइल चढवली. पाच ओळींनी काही फरक पडला नाही. सॉकेट ऑप्शन्सची ओळ काढताच वेग १०८ एमबीवर गेला. लिनक्सचा कर्नल बफरचा आकार गरजेप्रमाणे स्वतः वाढवतो, आणि ती ओळ त्याला एका फार लहान आकड्यावर बांधून टाकते. संथ तारेवर हे बांधणे जाणवले नाही, तार मोकळी झाल्यावर लगेच जाणवले. ज्या काळात तो सल्ला लिहिला गेला त्या काळात तो कदाचित उपयोगी असेल, पण आज तसे काही लिहिलेले आढळले तर आधी ते काढावे.

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत असल्यामुळे काम करायचे नव्हते. तरीही दुधाचा हिशेब करायला स्वयंपाकघरातले कॅलेंडर काढले तेव्हा त्यावर दुधाच्या खाड्यांशेजारी वडिलांच्या बारीक अक्षरात काही तारखांना पेन्सिलीने "पेटी गेली" असे लिहिलेले दिसले. १९, २२, २६ आणि ३० डिसेंबर, २, ४ आणि ९ जानेवारी. त्यांपैकी १९, २६, २ आणि ९ हे चारही गुरुवार होते. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायची ती सहसा गुरुवारीच. आमच्याकडेही या चारही दिवशी लाइट गेली होती, हे पत्नीला नक्की आठवत होते, कारण त्या दिवशी मिक्सर आधीच फिरवून घ्यावा लागतो.

उरलेल्या २२, ३० आणि ४ या तारखांना वीज गेलेली नव्हती. म्हणजे "पेटी गेली" या एकाच वाक्यामागे किमान दोन वेगळी कारणे होती आणि मी दहा दिवस त्यांच्यावर एकच औषध शोधत होतो.

१६ जानेवारी, गुरुवार

आज घरूनच काम केले. सकाळी लाइट गेली, दुपारी साडेतीनला आली आणि सर्व्हर व राउटर एकदमच सुरू झाले. राउटरने मात्र पत्त्यांच्या वाटपाची जुनी यादी कुठेही जपून ठेवलेली नव्हती. टीव्ही, मोबाइल आणि सर्व्हर यांच्यापैकी जो आधी मागेल त्याला मोकळा पत्ता, असा कारभार झाल्यामुळे १९२.१६८.१.१४ वर असलेला सर्व्हर १९२.१६८.१.९ वर जाऊन बसला. वडिलांचा झेड ड्राइव्ह मी आकडी पत्त्याने जोडून दिलेला होता, त्यामुळे तो आता टीव्हीच्या दारावर थापा मारत होता.

राउटरच्या पानावर सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाच्या कायमच्या ओळखीसाठी) १४ हा क्रमांक राखून ठेवला. दहा मिनिटांचे काम होते, फक्त ते सर्व्हर बसवला त्याच दिवशी करायला हवे होते. एक खबरदारी सांगतो. सर्व्हरवरच पत्ता हाताने ठरवून द्यायचा असेल, तर तो राउटरच्या वाटपाच्या मर्यादेबाहेरचा निवडावा, नाहीतर एखाद्या दिवशी तोच पत्ता पाहुण्यांच्या मोबाइललाही मिळतो आणि दोघेही अधूनमधून नाहीसे होऊ लागतात.

१९ जानेवारी, रविवार

आज उरलेल्या तीन तारखांच्या मागे लागलो. डीमेसेज पुसला गेला तरी डेबियनच्या जर्नलमध्ये (प्रणालीच्या नोंदवहीत) आधीच्या बूटच्या नोंदी शिल्लक असतात, हे मला आजच कळले. ४ जानेवारीच्या दुपारचा घटनाक्रम तिथे जसाच्या तसा होता. आधी यूएएस या यूएसबी डिस्क चालवणाऱ्या ड्रायव्हरने आज्ञा रद्द केल्याचा निरोप, मग यूएसबी उपकरण रिसेट केल्याच्या तीन ओळी, मग उपकरण तुटल्याची नोंद, आणि काही सेकंदांनी तीच डिस्क एसडीबीऐवजी एसडीसी या नव्या नावाने पुन्हा हजर. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, मी एसडीबी हे नाव लिहिलेले असल्यामुळे ती परत आली तरी जागेवर जोडली गेली नाही. शेअर दिसत होता पण त्यात नेहमीच्या फाइल नव्हत्या, याचे कारण हेच. सांबा त्या वेळी डिस्क दाखवत नव्हता, डिस्क जिथे जोडली जाते तो एसएसडीवरचा फोल्डर दाखवत होता.

यावरून एक शंका आली. डिस्क उतरवली (अनमाउंट केली) आणि त्या फोल्डरच्या आत पाहिले तर तो रिकामा नव्हता. त्यात ४.२ जीबीच्या वेव्ह फाइल होत्या. २२ आणि ३० डिसेंबरला डिस्क तुटल्यानंतर वडिलांनी "शेअर आला" असे पाहून पुढच्या कॅसेट उतरवल्या होत्या, त्या इथे एसएसडीवर साठल्या होत्या. नंतर मी सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर डिस्क त्या फोल्डरवर येऊन बसली आणि फाइल तिच्याखाली झाकल्या गेल्या. त्या हरवल्या असे आम्ही तीन आठवडे समजत होतो. वडिलांना एक फाइल लावून दाखवली. पखवाजाची पहिली थाप ऐकताच त्यांनी कॅसेटवरचा क्रमांक न बघता सांगितला.

यापुढे असे होऊ नये म्हणून तीन गोष्टी केल्या. एफएसटॅबमध्ये डिस्क नावाऐवजी यूयूआयडीने (डिस्कच्या कायम ओळख क्रमांकाने) लिहिली आणि डिस्क नसली तरी सर्व्हर सुरू होताना अडकू नये म्हणून नोफेल जोडले. डिस्क उतरवलेली असतानाच आतल्या फाइल हलवून त्या फोल्डरला सीएचअॅटरने अचल केले. त्यामुळे डिस्क नसताना तिथे कोणी लिहू लागले तर मुकाट्याने साठवण्याऐवजी नकार मिळतो. शिवाय सांबाच्या शेअरला रूट प्रीएक्झेकची, म्हणजे जोडणीआधी डिस्क जागेवर आहे का याची, तपासणी लावली, आणि ती फसली तर जोडणीच नाकारावी अशी क्लोजची ओळही दिली. ही ओळ विसरली तर तपासणी होते, पण तिचा परिणाम काहीच होत नाही.

डिस्क खराब असेल म्हणून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीचे ठेवते ते, आकडे पाहिले. बदललेले सेक्टर शून्य आणि प्रलंबित सेक्टरही शून्य. संशय मग केबलवर गेला आणि ६०० रुपयांची नवी यूएसबी केबल आणली. संध्याकाळी मोठी कॉपी चालू असताना डिस्क पुन्हा तुटली. केबल आता कपाटात आहे.

२२ जानेवारी, बुधवार

दोष डॉकमधल्या, डिस्क आणि यूएसबी यांना जोडणाऱ्या पुलाच्या चिपचा आणि यूएएस ड्रायव्हरचा एकमेकांशी न पटण्याचा आहे, अशा निष्कर्षावर आलो. या चिपपुरता यूएएस बंद करून जुना यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हर वापरायला लावता येतो. त्यासाठी एलएसयूएसबी या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या आज्ञेतून चिपचा ओळख क्रमांक घेऊन तो क्वर्क्सच्या पर्यायात यू या अक्षरासह ग्रबच्या (सर्व्हर सुरू करणाऱ्या कार्यक्रमाच्या) ओळीत लिहायचा असतो. सोमवारी रात्री मी तसे लिहिले आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला, तरी मंगळवारी डिस्क दोनदा तुटली. आज लक्षात आले की ग्रबची फाइल बदलल्यावर अपडेट-ग्रब चालवायचे राहूनच गेले होते, त्यामुळे बदल फक्त कागदावर होता. ते चालवल्यावर एलएसयूएसबीच्या झाडात ड्रायव्हरसमोर यूएएसऐवजी यूएसबी-स्टोरेज दिसू लागले. बदल लागू झाला की नाही हे आधी असे पाहावे आणि मगच त्याची परीक्षा घ्यावी.

डिस्कचा वेग १५० वरून १३० एमबीवर आला. तार ११० च्या फार पुढे जाऊच देत नाही, त्यामुळे या घटीने काही बिघडत नाही.

वडिलांना एक सवय मात्र बदलायला लावली. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या कार्यक्रमाचा चालू प्रकल्प थेट शेअरवर ठेवायचा नाही. तो डेस्कटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवायचा आणि बाजू पूर्ण झाल्यावर तयार फाइल सर्व्हरवर टाकायची. "मग पेटी कशाला घेतलीस?" असे त्यांनी विचारले. त्यांचा प्रश्न रास्त होता, पण न थांबता लिहिल्या जाणाऱ्या फाइलसाठी घरचे नेटवर्क ही भरवशाची जागा नव्हे, आणि टेप पुन्हा वाजवायची नाही हा त्यांचाच नियम होता.

२६ जानेवारी, रविवार

नेटवर्क खिडकीतून नाव नाहीसे होण्याचे प्रकरण आज घेतले. पत्ता टाइप केला तर शेअर प्रत्येक वेळी उघडत होता, फक्त यादीत नाव नसायचे. याचे मूळ माझ्याच जुन्या उपायात निघाले. पूर्वी कधीतरी नाव दिसावे म्हणून मी वडिलांच्या डेस्कटॉपवर एसएमबी १ हे फाइल वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीचे वैशिष्ट्य चालू केले होते आणि सांबालाही ते स्वीकारायला सांगितले होते. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या हल्ल्याने ज्या दारातून प्रवेश केला ते हेच. त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून विंडोज १० च्या नव्या मांडणीत त्याचा सर्व्हरचा भाग मुळात बसवलाच जात नाही, आणि काही दिवस वापर झाला नाही तर विंडोज ते आपले आपण काढून टाकू शकते. नाव "कधी असते, कधी नसते" यातले अर्धे रहस्य एवढेच होते.

सांबातली ती ओळ काढली, डेस्कटॉपवरचे वैशिष्ट्य बंद केले आणि सर्व्हरवर डब्ल्यूएसडीडी बसवले. आताचे विंडोज ज्या भाषेत शेजाऱ्यांची चौकशी करते त्या भाषेत हा छोटा कार्यक्रम उत्तर देतो. तरीही नाव दिसेना. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ३७०२ आणि टीसीपी ५३५७ उघडल्यावर वडिलांच्या संगणकावर ते दिसले. पत्नीच्या लॅपटॉपवर आमचे वायफाय "सार्वजनिक" म्हणून नोंदलेले होते, ते "खाजगी" केल्यावर तिथेही दिसले.

२ फेब्रुवारी, रविवार

पत्नीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती येऊन बसली आणि शेअर उघडेनासा झाला. संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्यांना प्रवेश नाही, अशा अर्थाचा निरोप येत होता. "आपल्या घरात कुठली संस्था आहे?" असे तिने विचारले. माझे शेअर बिनापासवर्डाचे, म्हणजे पाहुण्यांसाठी खुले होते. नवे विंडोज प्रो अशा जोडणीला मुळातच नकार देते आणि प्रत्येक जोडणीवर डिजिटल सहीचाही आग्रह धरते. पाहुण्याची सही होऊ शकत नाही, त्यामुळे हा आग्रह सैल करण्याच्या भानगडीत न पडता मी प्रत्येकाला सांबाचे स्वतंत्र नाव आणि पासवर्ड दिला आणि पाहुण्यांचे दार बंद केले.

हे दहा मिनिटांत व्हायला हवे होते, पण दीड तास लागला. विंडोज १२१९ क्रमांकाची चूक देत राहिले, कारण एकाच सर्व्हरशी एकाच वेळी दोन नावांनी जोडणी त्याला चालत नाही आणि जुनी जोडणी आत कुठेतरी जिवंत होती. नेट यूजने सगळ्या जोडण्या पुसल्या आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढली, तेव्हा ते शांत झाले. त्यानंतर जुन्या फाइल "नोबडी" या पाहुण्यांच्या खात्याच्या मालकीच्या निघाल्या आणि वडिलांना स्वतःच्याच कॅसेटची नावे बदलता येईनात. सगळ्या फाइल एका सामायिक गटाच्या करून तो गट शेअरवर सक्तीचा केला.

फोटोंच्या हजारो छोट्या फाइल चढवताना वेग अजूनही ७-८ एमबीवर येतो. प्रत्येक फाइलमागे उघडणे, लिहिणे आणि बंद करणे अशा फेऱ्या होतात, त्यामुळे तार मोकळी असूनही वेळ फेऱ्यांतच जातो. यावर मी काही करणार नाही. फोटो एका झिप फाइलमध्ये बांधून पाठवणे पुरेसे आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दहाला लाइट गेली, पावणेचारला आली. सर्व्हर १४ वरच परतला आणि वडिलांनी दोन्ही बाजूंची मिळून ९०० एमबीची फाइल चढवली, तिला नऊ सेकंद लागली. २२ जानेवारीनंतर जर्नलमध्ये डिस्क तुटल्याची एकही नोंद नाही. एक गोष्ट राहिली आहे. काही वेळ कोणी हात लावला नाही की डॉक डिस्कला झोपवते, आणि त्यानंतर पहिल्यांदा शेअर उघडताना विंडोज आठ-दहा सेकंद गोठते. एचडीपार्मने झोपेची वेळ वाढवून पाहिली, पण डॉक ती आज्ञा पुढे पोचवतच नाही. पुढच्या महिन्यात वेगळ्या चिपचा डॉक घेऊन पाहीन. तोपर्यंत वडिलांना शेअर उघडायचे म्हटले की ते आधी एकदा क्लिक करतात, चष्मा पुसतात आणि मग पाहतात.